ठोका

आरशाच्या दांडीनं तिनं दाढेवर टकटक केलं
आणि मान कलती करून ऐकत राहिली.
मी खुर्चीत आडवा, तोंडाचा आ,
मनात म्हटलं, अरे, ही तर आपल्यातलीच.

चाळीस वर्षं दाभोळच्या बंदराला
उपड्या घातलेल्या होड्यांवर मी असाच ठोका मारतो.
चांगली फळी खणकन बोलते.
आतून कुजलेली बोलते
ओल्या पोत्यासारखी.

डॉक्टर मुकादम, वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढी.
म्हणाली, धाकूकाका, दोन दाढा आहेत.
मागची गेली, ती काढू.
हिची मुळं धड आहेत, ही वाचेल.
मी म्हटलं, दोन्ही काढ बाई, कटकट एकदाची जाऊ दे.
आठ रात्री लवंग चावून, तपकीर दाबून
भिंतीला डोकं टेकून बसलेला माणूस मी.
ती हसली नाही.
एक्स-रे उजेडासमोर धरला :
काळ्या खाडीत दोन पांढरे खांब,
एकाच्या बुडाशी धुकं.
'हा पू. खांब पक्का आहे.'

सुई टोचली. अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचा झाला.

आधी मागची. चिमटा, कळ नसलेली ओढ,
आणि हाडातून आवाज,
जुना खिळा सागातून निघताना करतो तसा.
बोळा घट्ट दाबून धरा, काका.

वाचणारीचं काम निराळं.
कीड कोरली, कोरतच गेली,
टणक लागेपर्यंत.
इथंच माझी पोरं चुकतात,
कुजकं थोडं ठेवतात, वरून रंग मारतात,
आणि भाद्रपदात होडी पाणी पिते.
मग केसाएवढ्या सुया, एकीमागून एक,
मुळाच्या टोकापर्यंत.
धुतलं, सुकवलं, आजपुरतं कच्चं सिमेंट.
बुधवारी मुळांत गुलाबी डिंकाच्या काड्या.
आम्ही सांध्यात कापूस ठासतो, वर राळ आणि तेल.
हे तिला सांगायचं होतं,
पण तोंडात नळी गुरगुरत होती.

शेवटी वर टोपी, नाहीतर दाढ फुटेल म्हणाली.
टोपीचे पैसे ऐकले.
कागदावर लिहून दाखवलं : नारळी पुनवेनंतर.
होड्या पाण्यात गेल्या की आमच्या हाताला काही लागतं.
तिनं वहीत नोंद केली.
त्या पानावर आणखी बऱ्याच जणांच्या पुनवा होत्या.

काढलेली दाढ मागून घेतली. कागदाची पुडी, खिशात.

घरी जायचा रस्ता डावीकडे.
मी उजवीकडे वळलो, रखमा भोईनकरच्या दारी.
गेल्या महिन्यात तिच्या होडीला
दोन ठोके मारून मीच सांगितलं होतं,
मोड, सरपणाला होईल.
तिनं मोडली नाही. वर झावळ्या घातल्या, एवढंच.

झावळ्या सारल्या. नाळेपाशी ठोका : पोतं.
मधे : पोतं.
त्या दिवशी मी इथवरच आलो होतो.
वाकून खाली, तळाकडे, मागच्या अंगाला गेलो.

रखमा बॅटरी घेऊन बाहेर आली.
'काय ओ, धाकूदादा, या वक्ताला?'
सांगायला गेलो तर ओठ परका, लाळ हनुवटीवर.
बोट वर केलं. थांब जरा.

आणि कान फळीला लावला.