दोनशे पंधरा, दोनशे सोळा

शिवाजीनगर कोर्ट, खोली अकरा.
"दोनशे चौदावी ओळ कोणाची?"
कंपनीचे वकील कुऱ्हाडे विचारतात,
तलाठ्याला विचारावं, बांध कोणाचा, तसं.

माझी, म्हणते मी.
बावधनच्या भाड्याच्या खोलीत, रात्री पावणेतीनला,
माझ्याच लॅपटॉपवर,
ज्याचं एन्टर दोनदा दाबावं लागायचं.
"वीज?"
घरमालकाची.
"आणि डोकं?"
मागच्या बाकावर कुणीतरी हसतं.
कलम सात: नोकरीत असताना सुचलेलं
सगळं त्यांचं.
सही माझी आहे, निळ्या शाईतली,
पहिल्या पगाराच्या घाईतली.

मग ते कोडमधलं माझं टिपण वाचतात,
मोठ्यानं, शब्दाशब्दावर थांबत:
"इथे हात लावू नका.
का चालतंय, मलाही कळलेलं नाही."
न्यायाधीश चष्मा काढतात.
टंकलेखक विचारते, हे घ्यायचं का, साहेब?

"आणि पंधरा, सोळा?"
त्या माझ्या नाहीत.
इस्लामपूरच्या तौफिक मुल्लांच्या. शाळेत कारकून.
दाखल्यावर गोऱ्हेंची मुलगी
दर वर्षी गोर्हे व्हायची,
र उडी मारून ह च्या डोक्यावर बसायचा,
आणि बाप खाडाखोडीवर शिक्का मागायला
हेलपाटे घालायचा.
म्हणून दोन ओळी. सोबत एवढंच:
बघा, जमलं तर घ्या.

मी घेतल्या.
आभार मानायचे राहून गेले.

"हे मुल्ला कोणाचे कर्मचारी?"
शाळेचे.
"मग त्यांच्या ओळी कोणाच्या?"
सगळ्यांच्या, साहेब. तुमच्याही.
वापरा, विका, मोडून पुन्हा बांधा,
फक्त वरचं नाव खोडायचं नाही,
परवान्यात एवढीच अट.
कंपनीनं पहिल्यांदा तेच खोडलं.

पुढची तारीख पडते.
जिन्यात बसून दाव्याची प्रत चाळते,
एकशे बारा पानं,
कंपनीच्याच यंत्रणेतून छापलेली.
प्रत्येक पानाच्या तळाशी वकिलांचं नाव,
कुऱ्हाडे,
आणि त्यातला र जागच्या जागी,
ह ला अलीकडून टेकलेला,
मिटल्या पापणीसारखा.

एक. दोन. तीन.
मी तौफिक मोजत जाते.
सत्तेचाळिसाव्या पानावर असताना
बेलिफ म्हणतो, मॅडम,
जरा सरकून बसा,
येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट आहे.