तळघरातला मासा

फेब्रुवारीतल्या मीटिंगला कुणीतरी विचारलं,
यंदा मुलांची बायबल शाळा कोण बघणार?
आणि सगळ्यांनी आपापल्या कॉफीत बघितलं.
मी तेव्हा खुर्च्या रचत होते, एवढंच.
खुर्च्या रचणारी बाई हो म्हणाली
असं धरून चालतात लोक.

मार्शलटाउन, आयोवा. जूनमधला रविवार, रात्रीचे दहा.
बाहेर मका गुडघ्याएवढा,
आणि चर्चच्या तळघरात
कोंबड्यांच्या जाळीचा, वर्तमानपत्रांचा, निळ्या रंगाचा
चौदा फुटी मासा.
शेपूट अजून बाकी.

डार्लीन व्हॉस म्हणाली होती, डोळे मोठे नकोत,
बारकी पोरं दचकतात.
पास्टर वेंडेल म्हणाले, थोडं दचकायलाच हवं.
मी ॲल्युमिनियमच्या थाळीचा
मधल्याच मापाचा डोळा कापला.
आता तो कुणाकडेच बघत नाही.

विम्याच्या फॉर्मवर प्रश्न आहे:
चक्रीवादळ आल्यास मुलांना कुठे नेणार?
लिहिलं, तळघरात.
मग लक्षात आलं, आपण तळघरातच तर असणार.
खोडून 'माशात' लिहावंसं वाटलं.

सत्तावीस फॉर्म.
यारेत्सी, डिव्हाइन, ब्रँटली, एह पॉ.
मोठ्यानं म्हणून बघते, जिभेला वळण लागावं म्हणून.
माझ्या उजगरेचं गेल्या वर्षी
सरबताच्या रांगेतच 'मिस ऊ' झालं होतं.
फिटंफाट.

ॲलर्जीचा रकाना:
शेंगदाणे, शेंगदाणे, दूध, मधमाशी, शेंगदाणे.

जालन्याला मिशनच्या आवारात
आमच्या सगुणाबाई पदरात शेंगदाणेच आणायच्या,
हजेरीचं पुस्तक नव्हतंच.
डोक्यामागे एक मूठ.
जेवढ्या मुठी उरल्या तेवढी पोरं आली नाहीत.
मग दुपारच्या रणरणत्या उन्हात
उरलेले दाणे घेऊन त्या त्या घरी जायच्या.
इथे त्यांना दारातच अडवलं असतं.

आणि एह पॉच्या फॉर्मवर, पेन्सिलीनं,
भावाच्या अक्षरात: मासे.

पाच दिवस मासा.
माशाची गोष्ट, माशाची टोपी,
खाऊ म्हणून माशाच्या आकाराची बिस्किटं, सहा मोठे डबे.
फोन केला. आई कत्तलखान्यात दुसऱ्या पाळीवर निघालेली,
मागे बुटांचा आवाज, पाण्याचा आवाज,
मधे दुभाषा म्हणून तेरा वर्षांचा भाऊ.
बराच वेळ त्यांच्यात काही बोलणं झालं.
मग तो म्हणाला,
कागदाचा असेल तर चालेल म्हणते.
पण आत फार वेळ ठेवू नका.

डार्लीनला सांगितलं, बिस्किटं बदलू.
ती म्हणाली, अगं, त्यात मासा नसतो, नुसतं चीज.
मला माहीत आहे.
पण सहा वर्षांच्या मुलानं
कशाकशावर विश्वास ठेवायचा एका आठवड्यात?
आता प्रेट्झेल. डबे माझ्या गाडीत.

त्याच फॉर्मवर खाली एक ओळ कोरी:
आई-वडील न भेटल्यास कुणाला कळवावे.
भावाला विचारलं तर म्हणाला, मलाच.
तुझी शाळा? उन्हाळ्यात नसते.
तुझा फोन? हाच, आईचा.

मी आधी पेन्सिलीनं माझा नंबर लिहिला.
कॉफी गरम केली.
मग पेनानं गिरवला.

सगळे गेल्यावर आत शिरून बघितलं,
मोठं माणूस मावतं का ते.
मावतं, गुडघे पोटाशी घेतले तर.
गोंदाचा वास, फ्रीजची घरघर,
कानाशी कुठल्याशा मृत्युलेखाचा अर्धा रकाना.
त्या गोष्टीतल्या माणसालाही काम नको होतं,
तो तर जहाजाचं तिकीट काढून पळाला होता.
मला निदान पळायचं सुचलं नाही,
खुर्च्या होत्या ना हातात.

ज्यांना अजून उजवा-डावा हात कळत नाही
त्यांच्यासाठी लाल लोकर आणली आहे,
उजव्या मनगटाला बांधायला.
सत्तावीस तुकडे कापले.
एक जादा कापला, मोजताना चुकून,
आणि टाकवेना म्हणून
खिशात ठेवला.

शेपूट सकाळी सहाला.
टकर म्हणालाय येतो,
म्हणजे सात.