बिनसहीचा बोर्ड

कोल्हापुरात फ्लेक्स आल्यापासून शिवगोंडा पेंटर
गंगावेशीत नुसत्या नंबरप्लेटा रंगवायचे.
मग तालमीची भिंत आली :
क्यूआर कोड, सहा फुटी, ब्रशनं.

सुतळीला नीळ लावून मी रेघा झटकल्या,
एकोणतीस घरं आडवी, एकोणतीस उभी.
मामा म्हणाले, आयला, काना नाही, वेलांटी नाही,
ही कसली लिपी?
तरी कड भरताना श्वास धरायचे,
पूर्वी थेटराच्या बॅनरवर नटीचा डोळा भरताना
धरायचे तसाच.

नवव्या दिवशी मधल्या एका पांढऱ्या घरात
बारीक सही केली : शि. गो.
मी ओरडलो, मामा, बिघडंल की!
"बिघडू दे. बिनसहीचा बोर्ड
आजवर सोडलेला नाही."

फोन धरला. जरा अडखळला,
आणि लागला.
आतून हलगी.
कुणीतरी कधीतरी टेप केलेली;
धोंडू आवळे वाजवतायत,
मधेच खोकतायत, पुन्हा वाजवतायत.

मी फोन पुढं केला, मामांनी घेतला नाही.
भिंतीलाच कान लावून उभे राहिले,
रंग ओला असताना.

रात्री जेवायला बसले तेव्हा
गालावर अडीच काळी घरं होती.
मामी काही बोलली नाही,
रॉकेलचा बोळा तेवढा ताटाशेजारी ठेवला.