निरोप

बोट्सफियोरच्या मासळी-कारखान्यात गुन्वोरने
एकतीस वर्षं कॉडची पोटं फाडली.
डाव्या हातात मासा, उजव्यात सुरी,
आणि पट्टा पुढे, पुढे, पुढे.
आता तिची बोटं
सकाळी अकरापर्यंत मिटत नाहीत.
कॉफीचा मग ती दोन्ही तळव्यांत धरते,
पाखराचं पिलू धरावं तसा.

ट्रॉम्सोच्या प्रयोगशाळेत तेक्ले
तिच्या रक्ताची नळी उणे ऐंशीतून बाहेर काढतो.
नाव नाही, एकेचाळीस एवढंच;
पण सुई त्यानंच टोचलेली, त्यामुळे माहीत आहे.
घाई करावी लागते.
शोधायचेत ते चरबीचे रेणू
शरीर साठवून ठेवत नाही.
पेशीच्या भिंतीतूनच चिमूटभर खरवडून
ऐनवेळी घडवलेले,
शेजारच्या दारापर्यंत जाणारे
आणि तिथंच विरणारे.
निरोप द्यायचा, निरोप घ्यायचा.
आयुष्य तेवढंच.

काटा रुतला की आधी धावतात ते बोंब मारणारे:
नसांनो, सैल व्हा. पांढऱ्या पेशींनो, या.
बोटा, तू दुख, म्हणजे ही तुला जपेल.
बरोबरच आहे त्यांचं,
नाहीतर एका काट्यानं माणूस गेला असता.
मग एक-दोन दिवसांनी, त्याच भट्टीत,
माशाच्या तेलातून दुसरे घडतात,
हलक्या आवाजाचे:
झालं. मेलेलं उचला. घरी जा.

आग आपोआप विझत नाही म्हणे.
कुणीतरी जाऊन तिला सांगावं लागतं.

एकेचाळीसच्या आलेखावर
बोंबलणाऱ्यांचे सुळके, बोटीतून दिसणाऱ्या कड्यांसारखे.
दुसऱ्यांच्या जागी सपाट रेघ,
तिच्यावर एक टेंगूळ, तेही असेल-नसेल.

गुन्वोर ऐकून घेते. मान हलवत नाही.
"म्हणजे भोंगा झालाच नाही," म्हणते.
कारखाना बंद झाला त्या शुक्रवारी
साहेब ओस्लोत, भोंग्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात.
सहा बायका पट्ट्याशी उभ्या,
हातात सुऱ्या, पट्टा रिकामा फिरतोय,
सव्वापाच, साडेपाच.
"शेवटी रागनफ्रिडनं प्लग उपटला.
तिला तरी कुणी सांगितलं होतं?"

"आणि लिव्हरचं तेल, पोरा,
आम्ही शिव्या घालत चमच्यानं प्यायलो.
तेलाला काय तोटा होता!"
तेक्ले म्हणतो, नुसतं तेल पुरत नाही,
त्यातून निरोप घडावा लागतो.
गोळीनं बोंब थांबते, पण कधी कधी
गोळी दोघांचंही तोंड बांधते.
याहून जास्त मला ठाऊक नाही.

दुपारचे दोन, बाहेर काळोख.
हातमोजा चढवायला तो पुढे होतो.
"राहू दे."
एकेक बोट ती लोकरीत सारते,
आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणते, हळू,
तिकडच्या किनाऱ्याच्या बोलीत,
जी तेक्लेला अजून नीट कळत नाही.
बेचाळीसची नळी
टेबलावर वितळायला लागलीय.