चार बोटं कमी

रोज सकाळी सहाला मी पट्टी वाचते.
धक्क्याच्या खांबाला ठोकलेली, काळी-पांढरी,
खालचे आकडे शेवाळानं खाल्लेले.
मग टुल्चाला फोन :
वर्बा बेट. अगाफिया बोलतेय.
एकशे ब्याऐंशी, चढतंय.
पलीकडचा मुलगा ‘हं’ म्हणतो.
सव्वीस वर्षांत मुलगे बदलले,
‘हं’ तोच.

नकाशावर ती डॅन्यूब,
आमच्या घरांत दुनाय.
समुद्र जवळ आला की तिला पाय पसरायचे असतात.
आम्ही पसरू दिले नाहीत.

‘आम्ही’ म्हणजे एव्दोकिम,
एक पिवळं खोदयंत्र
आणि सक्तीनं आणलेली दोनशे पोरं,
सत्त्याऐंशीचा हिवाळा.
चौदा किलोमीटर बांध.
आतले वाळुंज कापले, बोरू जाळला,
मका होणार, असा वरून हुकूम होता.
झालाही. दोन वर्षं.
तिसऱ्या वर्षी जमिनीतून मीठ फुललं,
गाई हुंगून परत फिरल्या.
हुकूम देणारेही तोवर गेले होते.
बांध तेवढा राहिला,
कुणी विचारायला येईल म्हणून थांबल्यासारखा.

तो फोडायचा ठरला तेव्हा
पुन्हा एव्दोकिमलाच बोलावलं,
कुठे काय भरलंय ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.
एकाहत्तर वर्षांचा.
नव्या यंत्राला काचेची केबिन.
बराच वेळ नुसता बसून राहिला,
टोपी मांडीवर.
मग दोन बोटांनी क्रूस काढला, आमच्या जुन्या रीतीनं,
आणि दांडा ओढला.

फोटोवाले वाट बघत होते लोंढ्याची.
लोंढा आला नाही.
करंगळीएवढी धार आली,
अनोळखी अंगणात शिरणाऱ्या कुत्र्यासारखी
हुंगत, थांबत.
फोटोवाले जेवायला गेले.

पहिलं वर्ष नुसती दुर्गंधी.
दुसऱ्या मे महिन्यात वाळुंजाची म्हातारी उडाली,
पाण्यावर कापूस,
पाणी ओसरलं तिथे चिखलावर हिरवी रेघ.
कुणी लावलं नाही, कुणी मोजलं नाही.
आता ती झाडं माझ्याहून उंच,
पुरात उभ्या उभ्या
खोडातून तांबडी मुळं सोडतात, दाढीसारखी.
बुडालेल्या गवतावर, जिथे पाणी गुडघाभर आणि कोमट,
पाइक मासे अंडी घालायला येतात,
त्यांच्यामागे पाणकावळे,
पाणकावळ्यांमागे शिव्या घालत आमचे कोळी.
डास वाढले. हेही लिहून ठेवते.
फेन्याची आलुबुखाराची बाग सखल जागी होती.
ती एव्दोकिमशी बोलत नाही.

लोक म्हणतात, रान पाणी पितं.
पीत नाही.
उशीर करतं.
खोडाखोडाशी अडवतं,
सीमेवरच्या शिपायासारखं खिसे तपासतं,
गाळ काढून घेतं,
वरच्या शेतांतलं खत काढून घेतं,
मग म्हणतं, जा आता, सावकाश.

गेल्या एप्रिलात पट्टी बुडाली.
मी खांबावर खडूनं रेघा मारून वाचत होते.
पाचशे चार. चढतंय.
पाचशे एकोणीस. चढतंय.
दुनाय रात्रभर रानात शिरत होती,
अंधारात फांद्यांचा आवाज,
कुणीतरी मोठं घर लावत असल्यासारखा.

चौथ्या दिवशी मुलगा ‘हं’ म्हणाला नाही.
म्हणाला, इथे अंदाजापेक्षा सात सेंटिमीटर कमी आलं.
थांबला.
म्हणाला, माझी आई तळमजल्यावर राहते.
उंबऱ्याशी आलं होतं.

मी फोन ठेवून पट्टीला हात लावून बघितला :
सात म्हणजे माझी चार बोटं.
सगळं काही आमच्याच रानानं अडवलं असं नाही,
वर आणखीही कुठे कुठे बांध फुटलेत.
तरी एव्दोकिमला जाऊन सांगितलं.
त्यानं स्वतःची चार बोटं जुळवून धरली,
जाड, एक नख कायमचं काळं,
आणि बघत बसला.
काही बोलला नाही.
बोलला तो नंतर, मी फाटकाशी पोचल्यावर :
फेन्याची किती झाडं गेली?
अकरा, म्हटलं.

आज दोनशे साठ, उतरतंय.
नदी उतरली तरी रानातून पाणी अजून येतंय,
चहाच्या रंगाचं, निवळ,
ओंजळीत धरलं तर तळहाताच्या रेघा दिसतात.
फेन्याच्या कुंपणाशी
कुणीतरी आलुबुखाराची रोपं ठेवून गेलंय,
ओल्या पोत्यात गुंडाळून.
मोजली. अकरा आहेत.
तिनं अजून आत घेतली नाहीत.