चौथी नीज

ऐनाच्या झाडाखाली बसले आहे, देवा,
हातात गलोल, ओटीत मातीच्या गोळ्या.
वर पानापानावर कोशाच्या अळ्या,
बोटाएवढ्या, हिरव्यागार,
आणि आज सकाळपासून एकही खात नाही.

कालपर्यंत केवढा आवाज होता.
रात्री कान दिला की वाटायचं
कुणी कोरडा पाचोळा हळूहळू चुरतंय.
आज सगळं गप्प.
डोकं वर करून, पुढचे पाय जुळवून
बसल्या आहेत नुसत्या.
नीज आली. चौथी. शेवटची.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मला कुठलं ठाऊक!
मेल्या समजून अकरा अळ्या वेचून फेकल्या होत्या मी.
सासू धावत आली, कपाळ बडवत,
"मेली नाई व ते! कातडं बदलून रायली.
हात नोको लावू. हात लावला का फाटते."
त्या दिवशी तिने मला सारवण नाही, स्वयंपाक नाही,
काहीच करू दिलं नाही.
"बस अठीच. पाह्य. आज हेच काम."

हे नागपूरला आहेत, मेडिकलच्या व्हरांड्यात.
मानेतल्या गाठीचा तुकडा काढून नेला
त्याला आज एकोणीस दिवस.
आधी म्हणाले आठ दिवसांत कळेल,
मग मशीन बिघडली,
मग मोठे डॉक्टर रजेवर.
रेंजसाठी मी टेकडीवरच्या मोहाखाली जाते,
खडकाच्या एकाच कोपऱ्यावर उभी राहते,
आणि टिकाराम सांगतो,
"माय, सोमवारी या म्हनते."
किती सोमवार असतात रे तुझ्याकडे?

पिकाच्या दिवसांतलं सगळं पाळलं आहे.
खाटेवर झोपले नाही, मासोळी शिजवली नाही.
ढिवराच्या घरात मासोळी नाही, समजतंय ना तुला.
पण हा सौदा नव्हता, तेही मला समजतं.
रुखमाबाईनेही पाळलं होतं सगळं,
गेल्या साली तिच्या झाडावर लाल मुंग्या चढल्या,
आणि त्याच महिन्यात तिचा भाऊ...
जाऊ दे ते.

गोंड म्हणतात, देव ऐनातच राहतो.
तसं असेल तर माझं सगळं ऐकलंस तू,
परवा दिलेल्या शिव्यांसकट.
पान हललं नाही.
रागावला असतास तर एखादी फांदी तरी टाकली असतीस.

लोक येतात, चहा पितात, सांगतात,
भरवसा ठेव, सगळं चांगलंच होईल.
चांगलंच होईल हे मला नाही सांगता येत.
मला भरवसा एवढाच कळतो:
कावळ्याला गोळी मारायची,
बुंध्याला राख टाकायची मुंग्यांसाठी,
आणि अळीला हात लावायचा नाही.
पहिली दोन कामं जमतात.
तिसऱ्याला बोटं शिवशिवतात.
एकदाच हलवून बघावं वाटतं,
जिवंत आहे का.

आणि कोशाचं पुढे काय होतं तेही मी जाणते,
उकळतं पाणी मीच ठेवते चुलीवर.
म्हणून ही गोष्ट फार ताणत नाही.
नवरा म्हणजे अळी नव्हे, दवाखाना म्हणजे झाड नव्हे.
फक्त आजचा दिवस दोन्हीकडे सारखा आहे,
कोणी काही खात नाही,
कोणी काही सांगत नाही.

दुपार कलली. भारद्वाज येऊन गेला,
गोळी चुकली, पण उडाला.
खालच्या फांदीवर एकीच्या मानेमागे
बारीक चीर पडल्यासारखी दिसते,
की पानाच्या शिरेची सावली आहे, कोण जाणे.

उद्या सोमवार.
फोन चार्जिंगला ठेवलाय किराण्याच्या दुकानात.
मी दोन्ही हात पाठीमागे धरून
पाहते आहे.