सुधारित आवृत्ती

बाबा छत्तीस वर्षं बोर्डात होते.
बोर्डात म्हणजे वीज मंडळात, लाइनमन.
आता त्यांनाच बोर्डावर बोलवायचं म्हणून
मी सीताबर्डीच्या एका बोळातून
घासाघीस करून आणले चार लोडसेल,
एलईडीची एक पट्टी, काच तडकलेला टॅबलेट,
आणि दुकानदाराला सांगितलं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे.
माझं वय बघून हसला नाही तो. भला माणूस.

जुन्या पद्धतीत दोष फार.
पाटावर खडूनं अक्षरं, उपडी वाटी,
आणि काना-मात्रेची सोयच नाही.
मेलेल्या माणसानं 'पाणी' म्हणावं
तर बसलेल्यांनी ते 'पण' वाचून
रात्रभर वाट पाहावी पुढच्या शब्दाची.

मी बाराखडी दिली. जोडाक्षरं दिली.
'डोंगरवार' आता अनुस्वारासकट उमटतं.
पुढचा शब्द सुचवायचीही सोय होती, ती काढली,
कारण चाचणीत मी 'काऊन' लिहिलं
तर यंत्रानं त्याचं 'कारण' केलं,
'येऊन राहिलो'चं 'येत आहे'.
बाबा जन्मात कधी 'येत आहे' म्हणाले नाहीत.
खांबावरून, चिखलातून, अर्धं ताट सारून
ते येऊनच राहिले.

मुख्य सुधारणा वाटीच्या पोटात:
कोणतं बोट किती ग्रॅमनं, कुठल्या दिशेला ढकलतं
याचा आलेख माझ्या फोनवर.
फक्त माझ्या.
शास्त्र म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

मे महिना, मानेवाडा, रात्रीचे साडेबारा.
कूलरच्या ओल्या खसाचा वास.
धनराजनं विचारलं,
बेसातला प्लॉट कोणाच्या नावे करायचा होता?
वाटी तडक 'ध'कडे निघाली.
धनराजचं बोट: एकशे चाळीस ग्रॅम.
मी काही बोलले नाही.

आईनं विचारलं, जेवले का?
वाटी जरा घुटमळली, मग 'हो'वर.
आईचं बोट: बावीस ग्रॅम.
बावीस ग्रॅम म्हणजे दीड चमचा तूप.
तेही मी बोलले नाही.

माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, पुढच्या वेळी.
वाटी तरी सरकली दोन घरं,
आणि बोट माझं होतं.

मग लाइन गेली.
कूलर कण्हत थांबला, अख्खी गल्ली काळी,
समोरच्या गच्चीवरून कोणी ओरडलं,
अबे, बोर्डात फोन लावा ना कोणी!
आई अंधारात म्हणाली,
'थांबा जरा. आता येतील. लाइन गेली ना.'

कोणी हललं नाही.
बॅटरीचा बॅकअप दिला होता मी, अक्षरं पेटलेलीच.
त्या हिरव्या उजेडात वाटीवर तीन बोटं,
आलेख सरळ.
अकरा ग्रॅम, नऊ, बारा.
नुसतं बोटांचं वजन.
ढकलत कोणी नव्हतं,
उचलतही नव्हतं.
चौथा सेल रिकामा ठेवला होता, त्याचं शून्य.

लाइन सव्वादोनला आली.
कूलरमधलं पाणी आटलं होतं.
धनराज न सांगता बादली घेऊन उठला.